कार्ड एक, भाडी अनेक : ‘एकात्मता’ या संज्ञेची चिकित्सा

सार्वजनिक वाहतुकीच्या चर्चेत ‘एकात्मता’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी योजला जातो. एकच स्मार्ट कार्ड अनेक वाहतूक संस्थांच्या वाहनांत चालणे, हा पहिला अर्थ. वाहन बदलले तरी प्रवास एकच मानून त्याचे एकच भाडे आकारणे, हा दुसरा. हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे पहिले साधले की दुसरेही पदरात पडले, असा भ्रम होतो. त्याचे निरसन करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जपानचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्व जपान रेल्वेने २००१ साली ‘सुइका’ कार्ड सुरू केले. पुढे निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळी कार्डे निघाली आणि २३ मार्च २०१३ पासून त्यांपैकी दहा प्रमुख कार्डे परस्परांच्या क्षेत्रांत चालू लागली. तथापि टोकियोत एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसणाऱ्यास, काही सवलती वगळता, दोन्ही भाडी स्वतंत्रपणे द्यावी लागतात. याउलट सिंगापूरने जुलै २०१० पासून बस व रेल्वे मिळून झालेल्या एकूण अंतरावर भाडे आकारण्यास आरंभ केला. विहित वेळेत वाहन बदलणाऱ्यास आरंभीचे भाडे पुन्हा भरावे लागत नाही.

आपल्या शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर कार्ड ही लिपी होय आणि भाडेरचना हे व्याकरण. मराठी व नेपाळी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. म्हणून मराठी वाचकास नेपाळी मजकूर उच्चारता येईल, परंतु तेवढ्याने तो कळेल असे नाही. अर्थात लिपी निरुपयोगी ठरत नाही. प्रवासी कोठे चढला व कोठे उतरला याची नोंद कार्डामुळेच सुलभ होते. मात्र त्या एका भाड्याची वाटणी संस्थांनी आपसांत कशी करावी, हा प्रश्न यंत्राचा नसून कराराचा आहे.

आपल्याकडे ४ मार्च २०१९ रोजी ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डा’चा आरंभ ‘एक राष्ट्र, एक कार्ड’ या घोषणेने झाला. घोषणा यथार्थ आहे. तीत ‘एक भाडे’ असे म्हटलेले नाही. तो अर्थ आपणच तीत वाचतो.

स्थानकालगत राहणाऱ्यास हा भेद जाणवणार नाही. परंतु स्वस्त घरासाठी शहराच्या कडेला गेलेल्या आणि रोज बस, मेट्रो, पुन्हा बस असा प्रवास करणाऱ्या कामगारास, भाडेरचना विभक्त असेल तर, प्रत्येक बदलास किमान भाडे नव्याने द्यावे लागते. म्हणून एखादी योजना ‘एकात्मिक’ म्हणविली गेली, की कार्ड किती वाहनांत चालते एवढेच विचारून थांबू नये. वाहन बदलल्यावर भाड्याची मोजणी पुन्हा प्रारंभापासून होते काय, हेही विचारावे.