देव, दिनगणना आणि सत्ता : ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’चे एक वाचन

वासाहतिक राजवट आणि तिच्यासोबत आलेला धर्म यांच्या आघाताने देशी धर्मपरंपरा कशा खचल्या, याचे विवेचन बहुधा दोन दिशांनी केले जाते. बाहेरच्या बळाने एक अखंड परंपरा मोडली, ही एक दिशा. ती मुळातच जीर्ण झाली होती, बाहेरचा धक्का केवळ निमित्तमात्र होता, ही दुसरी. परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही मांडण्या परंपरेला एक स्थिर वस्तू मानतात. चिनुआ अचेबे यांची १९६४ साली प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ ही कादंबरी या गृहीतालाच छेद देते.

कादंबरीचा काळ १९२०च्या दशकातला, प्रदेश पूर्व नायजेरियातील इग्बोंचा. उमुआरोच्या सहा गावांचा देव उलु हा अनादी नाही. अबामच्या हल्लेखोरांपासून रक्षण व्हावे म्हणून या गावांनी एकत्र येऊन त्याची स्थापना केली आहे. शेजारच्या अनिंटा गावाने तर निकामी ठरलेला आपला देव सीमेवर नेऊन जाळला होता. देव घडवणे आणि त्याला निरोप देणे, या दोन्ही क्रिया या धर्मव्यवस्थेत समूहाच्या अधिकारात येतात. म्हणजे परिवर्तनक्षमता हा तिचा अंगभूत धर्म आहे. मग ही परंपरा नव्या धर्मापुढे टिकली का नाही?

उलुचा मुख्य पुजारी एझेउलु प्रत्येक अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाला एक पवित्र याम (आपल्याकडील कोनफळाच्या कुळातला कंद) खातो. ठरावीक याम संपले की नव्या पिकाच्या सणाचा दिवस जाहीर करतो. तो जाहीर झाल्याखेरीज कापणी नाही. पहिल्याच प्रकरणात त्याला प्रश्न पडतो : हा दिवस सांगण्याचे आपण नाकारू शकतो का? नाकारता येत नसेल, तर आपली सत्ता खरी की नाममात्र? कादंबरीचे सारे मर्म या प्रश्नात साठलेले आहे.

ब्रिटिश प्रशासनाचे धोरण अप्रत्यक्ष राज्यकारभाराचे होते. त्यासाठी गावोगावी एक मुखिया हवा होता. पण इग्बो समाजात राजा नव्हता. म्हणून कॅप्टन विंटरबॉटम एझेउलुला मुखियापद देऊ करतो. एझेउलु ते नाकारतो आणि ओकपेरी येथे कैदेत पडतो. या कैदेत धर्ममताचे खंडन कोणी करत नाही, मूर्तिभंजनही होत नाही. केवळ उगवलेल्या चंद्रांचे याम खाल्ले जात नाहीत, आणि गावाचे वर्ष अडकून पडते. वासाहतिक सत्तेचा घाव येथे श्रद्धेवर न पडता दिनगणनेवर पडतो, हे अचेबे यांचे अत्यंत सूक्ष्म निरीक्षण आहे.

कोंडी फोडण्याचा मार्ग परंपरेत उपलब्ध होता. उरलेले याम खा, पाप आमच्या माथी, असे गावचे वडीलधारे एझेउलुला सांगतात. तो मानत नाही. येथे अनेक वाचक त्याच्या अहंकारावर बोट ठेवतात आणि कादंबरी एका व्यक्तीची शोकांतिका होऊन बसते. हे वाचन अपुरे आहे. पुजाऱ्याला राजा व्हायचे आहे, असा आरोप न्वाका आधीपासूनच करत असतो. प्रशासनालाही नेमका असाच एकमुखी अधिकारी हवा असतो. पद नाकारूनही एझेउलु त्या पदामागील कल्पना मात्र आत्मसात करतो : समूहाचा देव आता एकट्याच्या निर्णयाचा विषय होतो. वसाहतवादाचा खोल परिणाम तो हाच.

धर्मांतराचे चित्रणही याच सूत्राला धरून आहे. मिशनचा गुडकंट्री स्वतः आफ्रिकी आहे. पीक शेतात कुजत असताना तो लोकांपुढे सिद्धांत मांडत नाही, तर अभय देतो : याम चर्चमध्ये अर्पण करा, उलुच्या कोपापासून आमचा देव राखील. एझेउलुने स्वतःच आपला मुलगा ओडुचे याला गोऱ्यांची विद्या कळावी म्हणून चर्चमध्ये धाडलेले असते. आता इतर बापही मुलाच्या हाती याम देऊन पाठवतात आणि पुढची कापणी मुलाच्या नावे होते. देव निरुपयोगी ठरला तर तो बदलावा, हा जुनाच न्याय येथे लागू पडतो. फरक इतकाच, की नवा देव या गावांनी घडवलेला नाही आणि त्याला सीमेवर नेण्याचा अधिकारही त्यांच्याकडे उरणार नाही.

देशीयतेच्या आपल्या चर्चेलाही यातून एक कसोटी मिळते. परंपरेत बाहेरचे काय मिसळले, या प्रश्नापेक्षा तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.