इतिहासाच्या चित्रांत वऱ्हाड कुठे आहे?

मराठी मुलांच्या मनातला इतिहास बराचसा चित्रकार दीनानाथ दलालांच्या रंगांत उभा आहे. त्याच्या जोडीला अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्र कथा आली, बालभारतीचं चौथीचं 'शिवछत्रपती' आलं. हा वारसा मोठा आहे आणि दलालांची रेषा आजही ताजी वाटते. दुखणं पुढचं आहे. मागून आलेल्या बहुतेकांनी दलालांचा अभ्यास घेतला नाही, आवेश तेवढा उचलला. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीमागे सह्याद्रीचा कडा; मोगल असो की आदिलशाही सरदार, अंगरखा एकच. अकोल्या-अमरावतीच्या पोरांना रायगड चित्रांतून पाठ असतो, पण घराजवळचा नरनाळा किल्ला कुठल्याच पानावर दिसत नाही.

खरं तर चित्रकाराला हवं ते सगळं इथे दगडात कोरलेलं आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, बहमनी काळातला. त्यावरची अरबी अक्षरं आणि कमळं बघितली, की बुरूज म्हणून एकच ठोकळा काढणं चित्रकाराला जमणारच नाही. गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी आहे, सिंह आहेत, हत्ती आहेत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला तो उत्तरेकडून. त्यासाठी इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनच्या फौजेने सातपुड्याच्या रानातून तोफा ओढत वर नेल्या. मला ते चित्र हवं आहे. लढाईच्या क्षणाचं नव्हे, त्याआधीच्या घामाचं. चढणीवर तोफ कशी हलते, दोर कोण ओढतं, बैल कुठे थांबतात, हे मुलांना दाखवायला हवं. डेव्हिड मॅकॉलेने १९७३ साली 'कॅथेड्रल' या पुस्तकात हेच केलं. राजा-सरदार बाजूला ठेवून इमारत उभी कशी राहते, कारागीर कोणती हत्यारं वापरतात, ते त्याने शाईच्या रेषांनी समजावलं. आपल्याकडे त्या तोडीचं काम मला दिसत नाही.

तलवारीपलीकडचा इतिहास तर चित्रांतून जवळजवळ गायबच. १९३० साली अकोल्याजवळच्या दहीहांड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो कोस दूर. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारट, त्यातूनच मीठ काढलं गेलं. ज्या पाण्याने शेती नासते त्याच पाण्याने सरकारचा मिठाचा कायदा मोडला! मुलांसाठी याहून चांगला चित्रविषय कोणता? त्यासाठी चित्रकाराने विहीर, चूल, कढई, उन्हाळ्यातली भेगाळलेली काळी माती आधी डोळ्यांनी पाहावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावं, मग ब्रश हाती घ्यावा.

वऱ्हाडातल्या चित्रकारांनी आणि शिक्षकांनी हे काम मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांवर सोडू नये. दहीहांड्याच्या सत्याग्रहाला २०३० साली शंभर वर्षं होतील; तोवर त्यावर एक तरी नीट चित्रपुस्तक इथल्या शाळांत पोचवा.