निळ्या रंगाखालची जमीन

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईचा एक नकाशा देशभर फिरला. २०५० सालच्या भरतीरेषेखाली जाणारा भाग त्यात रंगवला होता. 'मुंबई बुडणार' असे मथळे आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने समुद्राचे भाकीत केले, असा सार्वत्रिक समज झाला. स्कॉट कल्प व बेंजामिन स्ट्रॉस यांचा 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील मूळ निबंध मी वाचला, तेव्हा वेगळेच दिसले. समुद्र किती चढेल याचे आकडे त्यांनी आधीच्या अभ्यासांतून उचलले आहेत. यंत्राला शिकवले ते जमिनीची उंची दुरुस्त करायला.

दुरुस्ती हवीच होती. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. पण झाडाचा शेंडा काय, इमारतीची गच्ची काय, रडारच्या लेखी सगळी जमीनच. त्यामुळे दाट वस्तीचे किनारे आहेत त्याहून उंच, म्हणजेच सुरक्षित भासत राहिले. या दोघांचे न्यूरल नेटवर्क झाडी, लोकवस्ती, उतार अशा २३ बाबींवरून ही चूक ओळखते. परिणामी २०५० मध्ये वार्षिक पुराच्या पातळीखाली येणाऱ्या जमिनीवरचे लोक सुमारे ८ कोटींवरून ३० कोटींवर गेले. समुद्र तेवढाच, खाली आली ती जमीन.

काम मोलाचे आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप यंत्राच्या शाळेवर आहे. ते शिकले अमेरिकेच्या किनाऱ्यावरील लेसर-मोजणीवर. पुढची परीक्षा झाली ऑस्ट्रेलियात. दोन्हीकडे ऐसपैस वस्ती. धारावीत किंवा वरळी कोळीवाड्यात छपराला छप्पर भिडलेले असते; तिथे रडारला मोकळी जमीन दिसणार कुठे? (हिंदमाताला पाणी साचते हे कळायला अर्थातच न्यूरल नेटवर्क लागत नाही.) शिवाय बांध, भिंती या नकाशात धरलेल्याच नाहीत. लेखकांनी ते स्पष्ट सांगितले होते, मथळ्यांनी गाळले.

मुंबईत भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे. तिच्यानुसार विसाव्या शतकात समुद्र वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढला. १९९३ पासूनची उपग्रहांची जागतिक सरासरी तीन मिलिमीटरहून अधिक आहे. हा हिशेब मिलिमीटरांचा, आणि जमिनीच्या उंचीतली चूक दुरुस्तीनंतरही एखाद्या ठिकाणी मीटरभराची असू शकते. ती चूक दोन्ही बाजूंनी संभवते. दाट वस्त्यांमध्ये यंत्राची दुरुस्ती अपुरी पडली असेल, तर नकाशातला निळा रंग जास्त नव्हे, कमीच पसरलेला आहे. हे ठरवायला तिथली जमीन गल्लीगणिक मोजून ते आकडे सर्वांसाठी खुले करावे लागतील.