कुमारप्पांचा ख्रिस्तविचार आणि नागरिकशास्त्राचे अध्यापन

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांचे येशूच्या आचार-उपदेशावरील इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये प्रकाशित झाले. धर्म उपासनेपेक्षा आचरणात पाहावा, हा त्यांचा आग्रह. परकीय सत्तेची पाठराखण करणाऱ्या चर्चलाही त्यांनी हीच कसोटी लावली. केळझरसारख्या गावातील माध्यमिक विद्यार्थ्यांना शासनसंस्था शिकविताना ती निश्चितच उपयुक्त ठरते. तथापि तिची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. सेवाभाव सत्ताधाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असतो. नागरिकाचा हक्क तसा नसतो. शिवाय पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणास संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार प्रतिबंध आहे. म्हणून कुमारप्पांचा विचार श्रद्धेचा पाठ म्हणून नव्हे, तर सत्तेची चिकित्सा म्हणून शिकविला जावा.