तीर्थावळी आणि नामदेवांची एकट्याची वाट

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं वसलेलें नरसी हें गांव परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. कित्येक अभ्यासक हा मान कऱ्हाडानजीकच्या गांवास देतात. त्या वादांत आज शिरण्याचें प्रयोजन नाहीं. नामदेवांनीं पायीं पंजाब गांठला या समजुतीस सन २०१५ मध्यें घुमान येथें मराठी साहित्य संमेलन भरल्यापासून अधिकच बळ आलें असून, पंढरपूर ते घुमान अशी एक सलग रेघ आतां सर्रास ओढली जाते. तिला आधार म्हणून गाथेंतील तीर्थावळीचें प्रकरण पुढें करण्यांत येतें. आमच्या मतें हा आधार चुकीचा आहे. तीर्थावळी हें सोबतीचें काव्य होय. एकट्याच्या वाटचालीची साक्ष त्यांत शोधणें म्हणजे त्या काव्यावर व इतिहासावर सारखाच अन्याय करणें होय.

आदि, तीर्थावळी व समाधी या तीन प्रकरणांत ज्ञानदेवांचें चरित्र नामदेवांच्या नांवें गाथेंत आलें आहे. ज्ञानदेव पंढरीस येऊन नामदेवांस तीर्थयात्रेस चलण्याची विनंती करितात. नामदेवांचा पाय पंढरींतून निघत नाहीं. अखेर विठ्ठलच त्यांस ज्ञानदेवांच्या हवालीं करितो. पुढें तीर्थांचीं नांवें येतात खरीं, पण दोन तीर्थांमध्यें मजला किती झाल्या, नद्या कोठें उतरल्या, याकडे कवीचें लक्षच नाहीं. त्याचें सारें लक्ष भक्तीविषयींच्या संवादाकडे आहे. मारवाडांतील विहिरीचा प्रसंग पाहावा. दोघेही तहानेनें व्याकुळ झाले असतां ज्ञानदेव योगबळानें खालीं उतरून पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धांवा करितात आणि विहीर भरून वाहूं लागते. या प्रसंगाची खरी गोडी योग व भक्ति समोरासमोर उभीं राहण्यांत आहे. प्रवासी एकच असता तर ही कथा उभीच राहिली ना. काव्य म्हणून हें प्रकरण उत्तम आहे, आणि ज्या गुणानें तें उत्तम ठरतें त्याच गुणामुळें तें मार्गदर्शिका म्हणून निरुपयोगी ठरतें.

ज्ञानदेवांची समाधी शके १२१८ ची (सन १२९६). नामदेवांचें निर्याण परंपरेनें शके १२७२ (सन १३५०) मानितात. पंजाबचा प्रवास झाला असल्यास तो या मधल्या ५४ वर्षांत, आणि ज्ञानदेवांवांचून. त्या वाटचालीची दुसरी तीर्थावळी मराठींत नाहीं. साक्ष मिळते ती उत्तरेकडे. सन १६०४ मध्यें सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांत विठ्ठलाचें नांव ‘बीठलु’ या रूपानें येतें. मन हा गज व जीभ ही कात्री, असें शिंप्याच्या धंद्यांतील रूपकही येतें. कांहीं पदांत मराठी वळणाचीं क्रियापदें स्पष्ट दिसतात. तथापि पदें पोहोंचलीं म्हणजे पायही पोहोंचले, असें होत नाहीं. साधूंच्या मुखानें पदें दूरवर जातात. पाय पोहोंचल्याची ग्वाही घुमानची स्थानिक परंपरा देते, आणि ती परंपरा नामदेवांचें देहावसानही तेथेंच सांगते. पंढरपूरकर तर महाद्वारींच्या पायरीकडे बोट दाखवितात. या दोन ग्वाह्या एकमेकींस छेदतात हें विसरून चालणार नाहीं.

औंढा नागनाथाची कथा येथें फार बोलकी आहे. देऊळ फिरल्याची जी कथा मराठी परंपरा औंढ्यास जोडते, तीच घटना आदिग्रंथांतील पदांतही आहे. स्थळाचें नांव मात्र तेथें नाहीं. मराठी कथेंत नामदेव कीर्तन करीत आहेत, भोंवतीं श्रोते आहेत. राग भैरवांतील पदांत देवळांतून उठविलेला एक मनुष्य आपली कांबळी उचलतो आणि देवळामागें जाऊन बसतो. बरोबर कोणी नाहीं. घटना एक, परंतु एकीकडे मेळा आहे तर दुसरीकडे एकांत. कोणतें रूप मूळचें याचा निर्णय आम्ही देत नाहीं. परंतु एकटेपणाचा स्वर चरित्रांत नसून पदांत आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गोरोबांनीं कच्चें मडकें ठरविल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, ती वाटही त्यांनीं एकट्यानेंच तुडविली. पण कथा सांगते ती देवळांत पोहोंचल्यानंतरची, वाटेची नव्हे. एकट्या वाटसरूस साक्षी नसतो, आणि चरित्रकारास तर साक्षी लागतो.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, तीर्थावळीचें बाड हातीं आल्यास अभंगांचा क्रम, प्रत्येकाची नाममुद्रा व लेखनसमाप्तीचा शक जसाच्या तसा टिपून ठेवावा. नामा व विष्णुदास नामा यांची सरमिसळ गाथेंत फार आहे. छापील प्रतीवर, मग ती सन १९७० ची शासकीय गाथा कां असेना, सर्वस्वीं विसंबूं नये. महिपतीचा भक्तिविजय सन १७६२ चा, म्हणजे नामदेवांनंतर चारशें वर्षांचा. त्यांतील तपशील जुन्या बाडांत आढळतो कीं नाहीं हें ताडून पाहिलें पाहिजे. तशी छाननी होईपर्यंत घुमानची वाट नकाशावर दाखविणें झाल्यास ती तुटक ठिपक्यांनीं दाखवावी. सलग रेघेनें दाखवूं नये.