छायाचित्राखालचे आकडे : उद्भासन-नोंदींच्या प्रदर्शनाची चिकित्सा

प्रस्तावना :

स्लाइड शो किंवा चित्रफितीतून छायाचित्रे दाखविताना प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ॲपर्चर, शटरगती व आयएसओ यांचे आकडे देण्याची प्रथा छायाचित्रणाच्या कार्यशाळांतून व शिकवणीच्या चित्रफितींतून रूढ झाली आहे. ही प्रथा जुनी आहे. फिल्मच्या काळातील छायाचित्रणविषयक मासिके चित्राखाली असे तपशील छापत. छायाचित्रकार ते वहीत टिपून ठेवत किंवा आठवणीने सांगत. १९९५ मध्ये जपानमध्ये ‘एक्झिफ’ हे मानक तयार झाले आणि पुढे डिजिटल कॅमेराच ही नोंद चित्राच्या फाइलमध्ये करू लागला. मात्र छायाचित्र चित्रफितीत गुंफले की ही अंगभूत नोंद प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. ती मुद्दाम अक्षरांत लिहावी लागते. म्हणजेच आकडे दाखविणे हा संकलकाचा निर्णय असतो, आणि म्हणूनच त्याची समीक्षा शक्य व आवश्यक ठरते. ही प्रथा रसग्रहणाला आणि दस्तऐवजीकरणाला कितपत साहाय्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकड्यांचे सामर्थ्य :

फिल्मवर वा संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा यालाच उद्भासन, व्यवहारात एक्स्पोजर, म्हणतात. भिंगातील छिद्राचे मान म्हणजे ॲपर्चर, प्रकाश आत येण्याचा कालावधी म्हणजे शटरगती आणि संवेदनक्षमतेचे मान म्हणजे आयएसओ.

सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळ्याचे उदाहरण घेता येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत आणतात. ढगाळ पण उजेडाच्या दुपारी, आयएसओ १०० ठेवून, एफ/१६ व १/३० सेकंद, एफ/८ व १/१२५ सेकंद किंवा एफ/४ व १/५०० सेकंद अशी कोणतीही जोडी निवडली, तरी आत येणारा प्रकाश जवळजवळ सारखाच असेल. चित्रे मात्र तीन वेगळी होतील. पहिल्यात मागची गर्दी स्पष्ट राहील, पण चालत्या नंदीचे चाक पुसट होईल. तिसऱ्यात चाक जागीच थबकल्यासारखे दिसेल आणि गर्दी धूसर होईल. पहिले चित्र समुदायाच्या उत्सवाचे, तर तिसरे एका मुलाचे व त्याच्या नंदीचे होईल. अशी चित्रे शेजारी ठेवून आकडे दाखविले, तर विद्यार्थ्याला तंत्र आणि आशय यांचा संबंध कळतो. आकड्यांचे खरे सामर्थ्य या तुलनेत आहे.

आकड्यांच्या मर्यादा :

एकट्या चित्राखालचे एकटे आकडे मात्र निष्पत्ती सांगतात. निवडीचे कारण सांगत नाहीत. प्रकाश कोणत्या दिशेने होता, छायाचित्रकार किती वेळ थांबला, त्याला कशाची मुभा होती व कशाची नव्हती, यांपैकी काहीही त्यांतून कळत नाही.

याचे बोलके उदाहरण वर्धा जिल्ह्यातच आहे. गांधीजींचे पुतणे नारणदास गांधी यांचे पुत्र कनू गांधी यांनी १९३८ ते १९४८ या काळात सेवाग्राम आश्रमात व प्रवासात गांधीजींची छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना १०० रुपये दिले होते. गांधीजींनी अनुमती देताना तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, विशिष्ट पवित्रा घेऊन बसण्यास सांगायचे नाही आणि आश्रम या कामासाठी खर्च करणार नाही. माती, बांबू व कौलांच्या कुटीतील अपुरा उजेड आणि त्या काळातील मंद फिल्म लक्षात घेता, या अटींचा तांत्रिक अर्थ स्पष्ट होतो. ॲपर्चर मोठे ठेवणे, शटर संथ ठेवणे आणि समोरची व्यक्ती स्वतःहून स्थिर होण्याची वाट पाहणे, एवढेच मार्ग छायाचित्रकाराला उरतात. खर्चाला पैसा नसल्याने फिल्मही जपून वापरावी लागते. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा करणाऱ्या गांधीजींच्या छायाचित्रातील निकटता या संयमाच्या संदर्भातच पाहिली पाहिजे.

याउलट, १९४६ मध्ये पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. त्यांना आधी सूतकताई शिकावी लागली आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. या दोघांच्या चित्रांखाली केवळ आकडे लिहिले, तर दोन प्रकाशयोजनांमधील फरक कदाचित दिसेल. परंतु त्यामागील नैतिक अट दिसणार नाही. सेवाग्रामच्या चित्रांचे उद्भासन ठरविण्यात कॅमेऱ्याइतकाच त्या अटींचा वाटा होता.

दुसरी मर्यादा दस्तऐवजीकरणाची आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या आपल्या गाजलेल्या चित्राचे उद्भासन एफ/३२ व १ सेकंद असे सांगून ठेवले. परंतु चित्राचे साल ते निरनिराळे देत राहिले. अखेर चंद्राच्या स्थानावरून गणित करून अभ्यासकांनी १ नोव्हेंबर १९४१ हा दिनांक निश्चित केला. तेथे आकाशात चंद्र होता म्हणून तारीख सापडली. गावातील उत्सवाच्या चित्राला असा साक्षीदार क्वचितच मिळतो.

तिसरी मर्यादा माध्यमाची. छापील पानावर वाचक हवा तितका वेळ थांबू शकतो. स्लाइड शोमध्ये तो वेळ संकलक ठरवितो. चित्र पाच सेकंद दिसणार असेल आणि त्यातले दोन सेकंद कोपऱ्यातले आकडे वाचण्यात गेले, तर चित्र पाहणेच उणे होते. शिवाय आजच्या मोबाइलमध्ये अनेकदा एकाहून अधिक चौकटी एकत्र करून एक चित्र तयार होते आणि बहुतेक मोबाइलमधील ॲपर्चरही बदलता येत नाही. अशा चित्राखालील आकडे अचूक वाटले, तरी ते घडणीचे संपूर्ण वर्णन नसते. ते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सूत्र येत नाही, केवळ त्याचा आभास येतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून आकडे सर्वस्वी वर्ज्य करावेत, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. त्यांचे स्थान आणि क्रम बदलणे अगत्याचे आहे. चित्र प्रथम निर्वेधपणे दाखवावे. त्यानंतर दिनांक, स्थळ आणि चित्रातील माणसांची व वस्तूंची ओळख द्यावी. मग प्रकाशाची स्थिती व छायाचित्रकाराची निवड एका वाक्यात सांगावी आणि शेवटी, तुलनेसाठी गरज असेल तेथे, आकडे द्यावेत.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी तान्हा पोळ्यासारख्या उत्सवांची छायाचित्रे मोठ्या संख्येने काढतात. पन्नास वर्षांनी हीच चित्रे गावाच्या सांस्कृतिक इतिहासाची साधने ठरतील. नंदी कोणत्या सुताराने घडविला, तो कोणत्या घरातून आला आणि ते साल कोणते होते, हे तेव्हाचा अभ्यासक आधी विचारील. शटर किती वेळ उघडे होते, हा त्याचा त्यानंतरचा प्रश्न असेल. पहिल्या प्रश्नांची उत्तरे कोणताही कॅमेरा आपोआप नोंदवीत नाही. ती विचारून लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे अध्यापकाचे काम आहे.