मांडणीची मीमांसा : चिखोल्ट-बिल वादाच्या निमित्ताने

ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात 'समीक्षा' हा शब्द बहुधा सैल अर्थाने वापरला जातो. पारितोषिक देणाऱ्या परीक्षकांचे मत, ग्राहकाची पसंती आणि उपयोजित कलेच्या वर्गात शिक्षकाने सुचविलेली दुरुस्ती या तिन्हींना हाच शब्द लावला जातो. या तिन्हींत मूल्यनिर्णय असतो. परंतु त्यामागील निकष उघड करण्याची आणि त्यांचे समर्थन करण्याची जबाबदारी कोणी स्वीकारलेली नसते. समीक्षेचा प्रारंभ मात्र नेमका या जबाबदारीपासून होतो. म्हणून मुद्रित पृष्ठाची मांडणी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, आणि झाल्यास तीतून अभिरुचीच्या उच्चारापलीकडे काही हाती लागते काय, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाला एक प्रतिष्ठित नकारार्थी उत्तर उपलब्ध आहे. १९३० साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात बिॲट्रिस वॉर्ड यांनी उत्तम मुद्रणाला स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली. पेला जितका नितळ, तितके त्यातील मद्य स्पष्ट दिसते. त्याचप्रमाणे मुद्राक्षरांनी स्वतःकडे लक्ष न वेधता लेखकाचा विचार वाचकापर्यंत पोहोचवावा, असा त्यांचा आशय होता. ही भूमिका मान्य केली की समीक्षेला जागा उरत नाही. जे दिसूच नये त्याचे विश्लेषण कशाचे करणार? पण नितळपणा हाही एक घडविलेला परिणाम असतो. वाचकाला सवयीची झालेली अक्षरवळणे, ओळींमधील अंतर आणि समास यांमुळेच पृष्ठ 'अदृश्य' होते. रॉबिन किनरॉस यांनी १९८५ सालच्या आपल्या निबंधात हाच मुद्दा पुढे नेला. रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या निव्वळ माहितीपर मुद्रणातही तटस्थतेचे एक वक्तृत्व दडलेले असते, असे त्यांनी दाखवून दिले. तटस्थता हे वक्तृत्व असेल, तर ती विश्लेषणाच्या कक्षेत येते.

हे विश्लेषण किती दूर जाऊ शकते आणि कोठे अडखळते, याचे बोलके उदाहरण म्हणजे १९४६ साली स्वित्झर्लंडमधील एका मुद्रणविषयक नियतकालिकात झालेला यान चिखोल्ट आणि माक्स बिल यांचा वाद. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चिखोल्ट यांनी 'नव्या मुद्रणरचने'ची सैद्धांतिक उभारणी केली होती. मध्यरेषेभोवती तोललेल्या पारंपरिक मांडणीचा त्याग, असममित रचना, निरलंकार अक्षरे आणि प्रमाणित आकार ही तिची लक्षणे होती. १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना अटक केली. सुटकेनंतर ते स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला गेले. तेथे त्यांचे मत हळूहळू पालटले. ग्रंथमुद्रणासाठी ते पुन्हा सममित, अभिजात मांडणीकडे वळले आणि १९४५ च्या अखेरीस झ्युरिकमधील व्याख्यानात त्यांनी या पालटाचे समर्थन केले. बाउहाउसमध्ये शिकलेल्या बिल यांना हे मतांतर म्हणजे माघार वाटली. प्रत्येक काळाने आपले रूप शोधले पाहिजे आणि जुन्या रूपांचा आसरा घेणे हे प्रतिगामीपणाचे लक्षण आहे, असा त्यांचा आरोप होता. चिखोल्ट यांचे उत्तर अधिक धक्कादायक होते. नव्या मुद्रणरचनेतील असहिष्णुता, केवलाचा आग्रह आणि लष्करी शिस्तीची ओढ या गोष्टी हिटलरची सत्ता ज्या मनोवृत्तीतून उभी राहिली तिच्याशी नाते सांगतात, असे त्यांनी प्रतिपादिले.

येथे दोन्ही पक्षांच्या युक्तिवादाचा आकार एकच आहे, ही बाब लक्षणीय आहे. बिल सममितीतून प्रतिगामित्व वाचतात, चिखोल्ट असममितीतून हुकूमशाही वाचतात. रूप आणि राजकीय आशय यांच्यात अविचल नाते आहे हे गृहीत दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो कोणत्या रूपाला कोणता आशय चिकटवायचा एवढ्यापुरता. इतिहास मात्र या गृहीताला साथ देत नाही. ज्या राजवटीने आरंभी फ्राक्टूर या वळणदार जर्मन अक्षराचा 'राष्ट्रीय' म्हणून गौरव केला, तिनेच जानेवारी १९४१ मध्ये एका परिपत्रकाद्वारे तेच वळण 'ज्यू' ठरवून वर्ज्य केले. इटलीतील फॅसिस्ट सत्तेने तर आधुनिक मांडणीचा आपल्या प्रचारासाठी उघड वापर केला. रूपाचा अर्थ रूपात बंदिस्त नसतो; तो वापराच्या संदर्भात घडतो आणि संदर्भ बदलताच उलटतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवीन नाही. छंदोबद्धता म्हणजे परंपरानिष्ठा आणि मुक्तच्छंद म्हणजे बंडखोरी, असे समीकरण मांडणारी समीक्षाही याच सापळ्यात अडकते.

तरीही हा वाद निष्फळ ठरत नाही. राजकीय आरोप बाजूला सारले की चिखोल्ट यांच्या उत्तरात दोन टिकाऊ मुद्दे उरतात. पहिला प्रकारभेदाचा : औद्योगिक उत्पादनाच्या जाहिरातीला जी मांडणी शोभते ती दीर्घ वाचनासाठी असलेल्या ग्रंथाला शोभेलच असे नाही. दुसरा श्रमाचा : यंत्राचा गौरव करणारा कलावंत, यंत्रावर अक्षरे जुळविणाऱ्या कामगाराचा कामातील आनंद हरपला आहे, हे विसरतो. बिल यांच्या बाजूनेही एक मुद्दा शिल्लक राहतो. परंपरागत रूप हे केवळ परंपरागत आहे म्हणून समर्थनीय ठरत नाही. त्याचे कारण आजच्या गरजेतूनच द्यावे लागते. हे तिन्ही मुद्दे पृष्ठ पाहून सुचणाऱ्या 'छान' किंवा 'जुनाट' या शेऱ्यांतून कधीच हाती आले नसते. भूमिका मांडली गेली, तिला विरोध झाला, उत्तर द्यावे लागले. म्हणूनच ते निष्पन्न झाले.

वादानंतरची घटना आणखी उद्बोधक आहे. १९४७ ते १९४९ या काळात चिखोल्ट यांनी इंग्लंडमध्ये पेंग्विनच्या पुस्तकांची मांडणी सुधारली. पृष्ठांचे बाह्य रूप अभिजात होते. पण त्यामागे अक्षरजुळणीच्या नियमांची एकच संहिता होती आणि ती स्वस्त, मोठ्या संख्येने छापल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी होती. प्रमाणीकरणाचा हा ध्यास 'नव्या मुद्रणरचने'चाच वारसा नव्हे काय? 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' ही नावे वादात उपयोगी पडली, पण प्रत्यक्ष पृष्ठापुढे ती अपुरी ठरली. समीक्षेला म्हणूनच घोषणापत्रांवर विसंबता येत नाही. तिला पृष्ठ वाचावेच लागते.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या चर्चेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नसावी. देवनागरीच्या मुद्रणाचा विचार मराठी भूमीत पूर्वीपासून झालेला आहे. निर्णयसागरच्या खिळ्यांची कीर्ती सर्वपरिचित आहे, आणि बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु खिळ्यांचा इतिहास आणि पृष्ठाची समीक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिरोरेषेखाली लोंबणाऱ्या आणि तिच्यावर चढणाऱ्या मात्रांमुळे देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा अधिक मोकळीक लागते. रोमनचे माप जसेच्या तसे लादले की पृष्ठ गुदमरते. हे केवळ तांत्रिक वैगुण्य नव्हे. कोणत्या लिपीला मूळ मानायचे आणि कोणत्या लिपीने जुळवून घ्यायचे, याविषयीचा एक अनुच्चारित निर्णय तेथे आधीच झालेला असतो. अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक होते, ही माहिती त्यांच्या चरित्रात येते. त्यांच्या कवितेचे पृष्ठावरील रूप मात्र काव्यसमीक्षेत अभावानेच विचारात घेतले जाते. कवितेत ओळ कोठे मोडते याला अर्थ असेल, तर ती कोणत्या अक्षरात, केवढ्या रिकाम्या जागेत मोडते यालाही तो असणारच.

संहिता वाचकाच्या हाती कधीच निर्देह अवस्थेत येत नाही. तिच्या देहाविषयी मौन बाळगणारी समीक्षा तो देह घडविणाऱ्या निर्णयांना, नकळत का होईना, संमतीच देत असते.